काट्यापासून ऑफिसपर्यंत : फायबरचा स्विच निवडताना



गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत भांडवली खर्चाच्या यादीत "ऑप्टिकल फायबर केबल व स्विच" अशी एक ओळ होती. ती वाचली गेली तेव्हा मागच्या रांगेतून एक जुने सभासद उठले आणि म्हणाले, "अहो, बटणाला एवढे पैसे? आमच्या घरी वायरमन येतो आणि पन्नास रुपयांत स्विच बसवून जातो!" मंडपात हशा पिकला. आम्हीही हसलो. पण त्या हशात उत्तर द्यायचे राहून गेले. पैसा सभासदांचा आहे, तेव्हा तो कशावर आणि का खर्च झाला हे सभासदांना समजेल अशा भाषेत सांगणे आमचे काम आहे. ते या लेखात करतो. त्यात आमची एक चूकही सांगावी लागेल, तीही सांगतो.

घडले ते असे

दोन हंगामांपूर्वीची गोष्ट. गाळप सुरू होऊन आठ-दहा दिवस झाले होते. परतीच्या पावसाचा शेवटचा तडाखा आला आणि संध्याकाळी केनयार्डाच्या बाजूला वीज पडली. माणसाला, जनावराला इजा झाली नाही, एवढे नशीब. पण वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर, त्याच्याजवळची जोडपेटी, वाटेतल्या दोन पेट्या आणि ऑफिसमधली मुख्य पेटी, असे सगळे एका क्षणात गेले. कारण काट्यापासून ऑफिसपर्यंत तांब्याची तार होती. वीज तारेवरून चालत आली आणि वाटेत जे भेटले ते जाळत गेली.

काटा स्वतः ठीक होता, वजन दाखवत होता. पण वजनाची नोंद ऑफिसला जाईना आणि स्लिप छापून निघेना. मग हाताने पावत्या लिहिणे आले. ट्रॅक्टरची आणि बैलगाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत गेली. ज्याचा ऊस रांगेत उभा राहतो त्याचा ऊस वाळतो आणि वाळलेल्या उसाचे वजन घटते. हे नुकसान कारखान्याचे कमी आणि तोडणी आलेल्या शेतकऱ्याचे जास्त. वर हाताने लिहिलेल्या पावत्यांचा मेळ घालताना सभासद क्रमांक चुकले, टनेज एकाचे दुसऱ्याच्या नावावर गेले, आणि त्या पंधरवड्याची बिले दुरुस्त करता करता शेतकी ऑफिसच्या नाकी नऊ आले. आपल्यापैकी काहींना तो मनस्ताप आठवत असेल.

तेव्हा प्रश्न बटणाचा नाही. प्रश्न आपल्या वजनाच्या पावतीचा आहे.

हा स्विच म्हणजे काय?

नेटवर्कचा स्विच आणि भिंतीवरचे बटण यांचे नाव एक, काम वेगळे. आपल्याकडे पाटाचे पाणी शेतात घेताना दारे धरावी लागतात. ज्या वाफ्याची पाळी त्याचेच दार उघडायचे, बाकीची बंद ठेवायची. नेटवर्कचा स्विच हेच करतो. काट्यावरून निघालेली वजनाची नोंद शेतकी ऑफिसच्या कॉम्प्युटरला जायची आहे, तर ती त्याच दाराने सोडतो. गोदामाच्या किंवा टाईम ऑफिसच्या दाराने सोडत नाही. कोणत्या दारामागे कोण बसले आहे याची यादी तो स्वतःच तयार करतो. जुन्या काळी याच्या जागी "हब" नावाची पेटी असे. ती आलेले पाणी सगळ्याच वाफ्यांत सोडायची, त्यामुळे चिखल फार आणि ओलित कमी. म्हणून ती मागे पडली.

काचेची तार कशासाठी?

तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर आहे. पुढे जायचे तर मध्ये पेटी लावावी लागते आणि पेटी आली की तिला वीज, छप्पर आणि देखभाल आली. आपला काटा ऑफिसपासून सहाशे मीटरवर आहे आणि डिस्टिलरी सव्वा किलोमीटरच्या पुढे. शिवाय मिल हाऊसमधल्या मोठ्या मोटारी आणि त्यांचे ड्राइव्ह तांब्याच्या तारेत विजेची खरखर उठवतात. आणि सगळ्यात मोठे म्हणजे दोन इमारतींचे अर्थिंग सारखे नसेल, किंवा जवळ वीज पडली, तर तांब्याची तार दोन्ही टोकांची उपकरणे एकमेकांना बांधून ठेवते. एक मेले की दुसरे ओढले जाते.

फायबर म्हणजे केसासारखा बारीक काचेचा तंतू. त्यातून वीज जात नाही, प्रकाश जातो. काचेच्या गाभ्यातून जाणारा प्रकाश कडेला आदळला की बाहेर न पडता पुन्हा आत वळतो आणि असा वळत वळत किलोमीटरच्या किलोमीटर जातो. या विद्येत आपल्या माणसाचाही वाटा आहे. पंजाबातील मोगा येथे १९२६ साली जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॉपकिन्स यांच्यासोबत काचतंतूंच्या जुडीतून चित्र पाठवून दाखवले. तो लेख १९५४ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९६६ साली चार्ल्स काओ आणि हॉकहॅम यांनी दाखवले की काच पुरेशी शुद्ध केली तर तिच्यातून दूरवर संदेश पाठवता येतील. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने तशी काच करून दाखवली. काओ यांना त्याबद्दल २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सहकारी साखर कारखाना आणि कॉम्प्युटर यांची सोयरीकही काही नवी नाही. १९९८ साली वारणा खोऱ्यातील ७० गावे कॉम्प्युटरने जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला, त्याच्या केंद्रस्थानी ऊस उत्पादकच होता. तेव्हा आपण काही जगावेगळे करत नाही.

आमची चूक

वीज पडल्यावर घाईघाईत फायबर टाकायचे ठरले. तार चांगली घेतली, चर खोल खोदला. स्विचसाठी मात्र आम्ही कोटेशन मागवताना एवढेच लिहिले : "२४ पोर्टचा, फायबर सपोर्ट असलेला स्विच, नग ४." सर्वांत कमी दराचे कोटेशन मंजूर केले. माल आला, जोडला, आणि दिवा काही लागेना.

दोन दिवसांनी उलगडा झाला. जमिनीत टाकलेली तार एका जातीची आणि स्विचसोबत आलेली प्रकाशाची मॉड्यूल दुसऱ्या जातीची. म्हणजे तीन इंची पाईपलाईनला दोन इंची मोटारीचा तोटा बसवल्यासारखे झाले. विक्रेत्याचे म्हणणे, "तुम्ही फायबर सपोर्ट मागितला, आम्ही दिला." आणि खरे सांगायचे तर कागदावर त्यांचे बरोबर होते. मॉड्यूल बदलून घ्यावी लागली, वेळ गेला आणि पैसाही गेला. त्यातून जे शिकलो ते एका वाक्यात असे : स्विच आधी निवडायचा नसतो. आधी तार आणि अंतर, मग मॉड्यूल, आणि शेवटी स्विच.

आता हे क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट : तारेची जात

फायबरच्या दोन जाती. मल्टिमोडचा गाभा जाड, ५० किंवा ६२.५ मायक्रॉन. सिंगलमोडचा गाभा बारीक, सुमारे ९ मायक्रॉन. बाहेरची काच मात्र दोन्हींची १२५ मायक्रॉनच. त्यामुळे नुसत्या नजरेने तंतू ओळखता येत नाही. इमारतीतल्या वायरीच्या आवरणाचा रंग पाहायचा : पिवळा म्हणजे सिंगलमोड, नारिंगी किंवा फिकट निळसर हिरवा म्हणजे मल्टिमोड. जमिनीत टाकायची केबल बाहेरून बहुधा काळी असते, तिच्यावरचा छाप वाचावा लागतो.

जाड गाभ्यात प्रकाशाचे किरण निरनिराळ्या वाटांनी जातात, काही आधी पोचतात, काही मागून. त्यामुळे लांबवर संदेश विस्कटतो. एक गिगाबिट वेगाला ५० मायक्रॉनच्या मल्टिमोडवर साधारण ५५० मीटर आणि जुन्या ६२.५ मायक्रॉनच्या तारेवर २२० ते २७५ मीटर, एवढीच मजल. वेग दहा गिगाबिट केला तर चांगल्या मल्टिमोडवरही ३०० ते ४०० मीटर. सिंगलमोडवर मात्र दोन्ही वेगांना १० किलोमीटरची मॉड्यूल सहज मिळतात.

आमचा सल्ला असा की, इमारतीबाहेर जाणारी तार सिंगलमोडच टाकावी. तार म्हणजे विहीर आणि स्विच म्हणजे मोटार. मोटार काही वर्षांनी बदलता येते, विहीर पुन्हा पुन्हा खणता येत नाही. आज एक गिगाबिट चालवा, उद्या दहा चालवा, तीच तार पुरेल. आणि चर खोदलाच आहे तर दोन तंतूंऐवजी बारा किंवा चोवीस तंतूंची केबल टाकावी. खर्च खोदाईचा जास्त असतो, जादा तंतूंचा कमी.

उंदीर-घुशींसाठी केबलला पोलादी पत्र्याचे आवरण घेतात. ते चांगले, पण त्या आवरणातून वीज वाहू शकते, म्हणून त्याला इमारतीत शिरण्यापूर्वी व्यवस्थित अर्थिंग करावे. नाहीतर वीज टाळायला फायबर टाकले आणि आवरणानेच ती घरात आणली, असे व्हायचे.

दुसरी गोष्ट : मॉड्यूल

फायबर थेट स्विचमध्ये जात नाही. स्विचला एक चौकोनी खाच असते, तिला एस.एफ.पी. म्हणतात. त्या खाचेत बोटभर लांबीचे मॉड्यूल बसते, ते विजेचा प्रकाश आणि प्रकाशाची वीज करते. ट्रॅक्टरच्या मागच्या तीन-टोकी जोडणीला नांगर लावा, रोटाव्हेटर लावा, ट्रॅक्टर तोच. तसे स्विच तोच ठेवून मॉड्यूल तारेप्रमाणे बदलता येते. म्हणून फायबर कायमचे जडवलेल्या स्विचपेक्षा खाचेचा स्विच घेणे शहाणपणाचे.

खाच दिसायला सारखी असली तरी प्रकार दोन. साधी एस.एफ.पी. एक गिगाबिटची, एस.एफ.पी. प्लस दहा गिगाबिटची. दहाच्या खाचेत एकचे मॉड्यूल बहुतेक स्विचवर चालते. एकच्या खाचेत दहाचे चालत नाही.

आता महत्त्वाचे. दोन्ही टोकांच्या मॉड्यूलचा मेळ बसला पाहिजे : वेग तोच, तारेची जात तीच, प्रकाशाची लांबी तीच. एस.एक्स. लिहिलेले मॉड्यूल ८५० नॅनोमीटरचे, ते मल्टिमोडसाठी. एल.एक्स. लिहिलेले १३१० नॅनोमीटरचे, ते सिंगलमोडसाठी. आमच्याकडे झाले ते हेच : तार सिंगलमोड, मॉड्यूल एस.एक्स. एका तंतूवर येणे-जाणे दोन्ही करणारी मॉड्यूलही मिळतात, पण ती जोडीने घ्यावी लागतात. एका टोकाला ज्या रंगाचा प्रकाश निघतो, तोच दुसऱ्या टोकाला घेतला गेला पाहिजे.

"जास्त ताकदीचे घेऊ, म्हणजे झालं" असेही करू नये. ८० किलोमीटरचे मॉड्यूल सहाशे मीटरवर लावले तर समोरच्याचे डोळे दिपतात आणि ते खराबही होऊ शकते. हिशेब साधा आहे. पाटाचे पाणी जसे मुरते तसा तारेत प्रकाश मुरतो, तो डेसिबलमध्ये मोजतात. दर तीन डेसिबलला प्रकाश निम्मा होतो. डिस्टिलरीपर्यंतचे १.४ किलोमीटर धरा : किलोमीटरला ०.४ प्रमाणे ०.५६, चार सांधे, प्रत्येकी ०.१ प्रमाणे ०.४, दोन कनेक्टर जोड, प्रत्येकी ०.५ प्रमाणे १. बेरीज दोनच्या आत. आपल्या १० किलोमीटरच्या मॉड्यूलला दहा डेसिबलच्या आसपास घट चालते. म्हणजे भरपूर शिल्लक. ही शिल्लक धुळीसाठी आणि पुढे तार तुटून नवे सांधे पडतील त्यासाठी ठेवायची.

आणखी एक मेख. काही कंपन्यांचे स्विच दुसऱ्या कंपनीचे मॉड्यूल घेत नाहीत, लावले तर खाच बंद करून टाकतात. ऑर्डर देण्यापूर्वी हे लेखी विचारावे आणि प्रत्येक जातीचे एक जादा मॉड्यूल कपाटात ठेवावे. हंगामात रात्री दोन वाजता दुकान उघडे नसते.

तिसरी गोष्ट : स्विच

आता कुठे स्विचकडे यायचे. त्यात पाहायचे ते असे.

खाचा किती? आज दोन लागत असतील तर चार घ्या. कोटेशनमध्ये "२४ अधिक २ कॉम्बो" असे लिहिलेले असेल तर सावध व्हा. कॉम्बो म्हणजे तांब्याचे भोक आणि फायबरची खाच मिळून दार एकच. एक वापरले की दुसरे बंद. दिसतात सव्वीस आणि अठ्ठावीस, चालतात कमी.

वेग किती? वजनाची नोंद चिमूटभर असते. खरा भार कॅमेऱ्यांचा. एक कॅमेरा सेकंदाला चार मेगाबिट धरला तर सोळा कॅमेऱ्यांचे चौसष्ट होतात. एक गिगाबिट म्हणजे हजार. तेव्हा काट्याला एक गिगाबिट पुष्कळ झाले. ऑफिसातल्या मुख्य स्विचला मात्र सगळे प्रवाह एकत्र येतात, तिथे दहाच्या खाचा असाव्यात.

कॅमेऱ्यांना वीज कोण देणार? फायबरमधून वीज जात नाही, हे विसरू नये. काट्यावरच्या स्विचला तिथलीच वीज आणि तिथलाच यू.पी.एस. लागतो. स्विच पुढे तांब्याच्या छोट्या तारेतून कॅमेऱ्याला वीज देतो : जुन्या मानाने एका दाराला १५.४ वॅट, त्यानंतरच्या मानाने ३० वॅट. पण एकूण किती, ते वेगळे छापलेले असते. आठ कॅमेरे बारा वॅटचे म्हणजे ९६ वॅट झाले, आणि स्विचची एकूण ताकद ६० असेल तर काही कॅमेरे अंधारात.

मॅनेज्ड की साधा? साधा स्विच स्वस्त, पण मुका. बिघाड कुठे आहे ते सांगत नाही. मॅनेज्ड स्विच ऑफिसात बसून पाहता येतो. शिवाय त्यात वाटण्या करता येतात : काट्याचा प्रवाह वेगळा, कॅमेऱ्याचा वेगळा, पाहुण्यांच्या वायफायचा वेगळा. वजनाच्या नोंदीला कुणी हात लावू नये असे वाटत असेल तर ही वाटणी हवीच, आणि स्विचचा कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलायला हवा.

तार तुटली तर? हंगामात जे.सी.बी. कुठे ना कुठे खोदत असतो. म्हणून ऑफिस, काटा, गोदाम, डिस्टिलरी आणि परत ऑफिस असे कडे करावे. एक बाजू तुटली तर प्रवाह दुसऱ्या बाजूने वळतो. पण हे कडे साध्या स्विचवर कधीही करू नये. संदेश गोल गोल फिरत राहतो, वाढत जातो आणि सारे नेटवर्क बसते. रॅपिड स्पॅनिंग ट्री किंवा तशीच सोय असलेला मॅनेज्ड स्विचच त्याला लागतो. आणि कड्याच्या दोन्ही बाजू एकाच चरातून नेऊ नयेत. नाहीतर एका खोदाईत दोन्ही जायच्या.

जागा कशी? ऑफिसातल्या थंड खोलीसाठी केलेला स्विच मिल हाऊसला किंवा काट्यावरच्या पत्र्याच्या केबिनला देऊ नये. बगॅसची धूळ पंख्यात बसते आणि एप्रिलच्या उन्हात पेटी भट्टी होते. अशा जागी बिनपंख्याचा, कारखान्यांसाठी केलेला स्विच घ्यावा. अशा स्विचवर उणे ४० ते ७५ अंश अशी मर्यादा लिहिलेली असते आणि दोन वेगवेगळ्या वीजपुरवठ्यांची सोय असते. महाग पडतो, पण मोजक्याच जागी लागतो. सगळीकडे महाग घेणे ही उधळपट्टी, सगळीकडे स्वस्त घेणे ही फसवणूक, स्वतःचीच.

फायबर टाकले म्हणजे विजेचे भय संपले असेही समजू नका. विजेच्या मेन लाईनवरून ती येऊ शकते. अर्थिंग आणि सर्ज संरक्षक हवेतच. फरक एवढाच की काट्यावर काही जळले तरी ते काट्यावरच थांबेल, ऑफिसपर्यंत येणार नाही.

फायबर न टाकलेल्या गोष्टी

एक गैरसमज काढून टाकू. फायबरने वजन अचूक होत नाही. वजन अचूक होते ते काट्याच्या लोडसेलमुळे आणि वैधमापन खात्याच्या तपासणीमुळे. तार आणि स्विच फक्त आकडा पोचवतात. म्हणून काट्यावरच्या कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक वजनाची नोंद तिथल्या तिथे साठली पाहिजे, आणि नेटवर्क बंद असले तरी स्लिप छापून निघाली पाहिजे. त्या रात्री आपल्याकडे ही सोय नव्हती. आता ती केली आहे. आमच्या मते सगळ्या खर्चात सर्वांत मोलाची सुधारणा हीच, आणि तिला खर्च सर्वांत कमी आला.

कामगारांनाही एक विनंती. फायबरच्या उघड्या टोकात डोळा घालून पाहू नका. त्यातला प्रकाश दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो. आणि टोकावरचे टोपण काढून ठेवू नका. धुळीचा एक कण प्रकाश अडवतो.

सभासदांनी विचारावे

पुढच्या सभेत अशी खरेदी आली तर हसून सोडून देऊ नका. हे पाच प्रश्न विचारा : तार कोणत्या जातीची आणि अंतर किती? दोन्ही टोकांची मॉड्यूल नावानिशी ऑर्डरमध्ये लिहिली आहेत का? एक तार तुटली तर प्रवाह कोठून जाईल? जादा मॉड्यूल आणि एक जादा स्विच कपाटात आहे का? आणि सगळेच बंद पडले तर माझ्या वजनाची पावती मला कशी मिळेल?

पाचही उत्तरे सरळ मिळाली तर खर्च मंजूर करा. एखादे उत्तर अडखळले तर कोटेशन परत पाठवा, मग दर कितीही कमी असो. त्या दिवशी पन्नास रुपयांच्या बटणाचा प्रश्न विचारणाऱ्या सभासदांचे आम्ही आभारी आहोत. त्यांनी विचारले म्हणून आम्हाला आमचाच हिशेब पुन्हा तपासावा लागला. त्यांनी सवडीने काट्यावर यावे, स्विच उघडून दाखवू, आणि चहाही पाजू.

— संगणक व विद्युत विभाग